तिसरा रकाना

अण्णा सहा महिन्यांसाठी इंग्लंडला आले, त्यात कोणाचा किती फायदा होता हे मी त्यांचं विमान उतरायच्या आधीच मांडून ठेवलं होतं. माझा फायदा सरळ होता. ईराला सकाळी नर्सरीत सोडायला आणि दुपारी आणायला हक्काचं माणूस मिळणार होतं, आणि घरात कोणीतरी माझ्याशी मराठीत भांडणार होतं. मुकुंदचा, म्हणजे नवऱ्याचा फायदा असा की ते भांडण त्याच्या वाट्याचं कमी होणार होतं. अण्णांचा फायदा मात्र मला कुठे सापडेना. आई जाऊन वर्ष झालं होतं, भुसावळच्या घरात ते एकटेच होते, पण त्याबद्दल त्यांनी कधी अवाक्षर काढलं नव्हतं. शेवटी त्यांच्या नावापुढे मी ‘नातीचा सहवास’ असं मनातल्या मनात लिहिलं आणि विषय संपवला.

त्यांचा खरा फायदा आमच्या घरापासून सात मिनिटांवर होता. हॅलकम स्टेशन.

ही दोन हजार तीन सालची गोष्ट. मुकुंद तिथल्या लहानशा इस्पितळात डॉक्टर होता, मी वाचनालयात अर्धा दिवस काम करायची. हॅलकम म्हणजे तीनएक हजार वस्तीचं गाव. एक मुख्य रस्ता, तीन दारूचे गुत्ते, दोन बँका, त्यातल्या एकीत आता गालिचे विकत. स्टेशनची दगडी इमारत रेल्वे कंपनीने कधीच विकून टाकली होती आणि तिच्यात दातांचा डॉक्टर बसत होता. जिथे पूर्वी तिकिटाची खिडकी होती तिथून आता लोकांचे उघडे जबडे दिसत. उरला होता एक फलाट, एक रूळ, काचेचा एक आडोसा, वेळापत्रकाची पाटी आणि बटण दाबून बोलायचा एक फोन. सहा गाड्या येत, सहा जात. माणूस म्हणून एकही नाही.

आणि अण्णांना तर स्टेशनवर माणूस नाही हे सहनच होईना. विश्वनाथ दुसाने, सदतीस वर्षं रेल्वेत. भुसावळच्या पुढे खांडव्याच्या रस्त्यावर एका लहानशा स्टेशनचे मास्तर म्हणून निवृत्त. तिथे मेल-एक्सप्रेस थांबत नसत, नुसत्या जात. पण प्रत्येक जाणाऱ्या गाडीसाठी मास्तराने फलाटावर उभं राहून हिरवं निशाण आडवं धरायचं, म्हणजे ड्रायव्हरला आणि गार्डाला कळतं की सगळं ठीक आहे, जा. अण्णांनी हे किती वेळा केलं असेल याचा हिशेब मी एकदा मांडायला घेतला होता आणि पावणेदोन लाखांवर सोडून दिला.

त्यांचा दुसरा अभिमान म्हणजे तिकीट. आजोबा भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर होते, त्यामुळे अण्णा जन्मले तेच पासवर. आयुष्यात त्यांनी रेल्वेचं तिकीट विकत घेतलं नव्हतं आणि हे ते लग्नकार्यात अनोळखी माणसांनाही सांगत. आल्या-आल्या त्यांनी मला विचारलं, “आपला पास इथे चालतो का?”

“नाही, अण्णा.”

“मग गाडीत बसायचं राहू दे.”

लंडन बघायला मुकुंदने त्यांना चार तास मोटार हाकत नेलं. पेट्रोल, पार्किंग, परतीला रस्ता चुकणं. कोण किती पैशाला पडतं हे मी तेव्हाही बोलले नाही.

जूनपासून त्यांचा क्रम ठरला. पावणेनऊला ईराला नर्सरीत सोडायचं, तिथून दोन मिनिटांवर स्टेशन, नऊ-बाराची गाडी बघायची आणि घरी यायचं. त्यासाठी ते निरोप समारंभाचा निळा कोट घालत. माझा भांडी पुसायचा एक हिरवा टॉवेल महिनाभर सापडत नव्हता, तो त्यांच्या कोटाच्या खिशात इस्त्री करून ठेवलेला होता. शिवाय एक शाळकरी वही. तिच्यात रेघा मारून तीन रकाने पाडले होते. गाडी कधी आली, कधी सुटली, आणि शेरा.

“अण्णा, तुम्हाला हे कोणी सांगितलंय?” मी विचारलं.

“सांगायला तिथे आहे कोण?” ते म्हणाले.

फलाटावर त्यांची एकीशी ओळख झाली. मिसेस गार्थ. वय अठ्ठ्याहत्तर, निळा रेनकोट, चाकांची पिशवी. अण्णा घरी आले की मला तिच्याकडून कळलेला स्टेशनचा इतिहास ऐकावा लागे. एके काळी इथे अकरा माणसं कामाला होती. दोन फलाट होते. पहाटे दुधाचे हंडे चढत, शरद ऋतूत लोकरीच्या गासड्या. पुस्तकांचं दुकान होतं, बायकांसाठी शेगडी पेटवलेली वेगळी खोली होती. आणि फलाटाच्या टोकाला सिग्नलची केबिन, तिच्यात तिचा नवरा लेन एकोणतीस वर्षं होता. ती केबिन पाडली त्या दिवशी लेन दिवसभर परसात बटाटे खणत बसला, बटाटे तयार नसताना. आता तो क्रेडवेलच्या शुश्रूषागृहात होता. फारसं कोणाला ओळखत नसे. क्रेडवेल गाडीने वीस मिनिटं. बस नाही, तिला मोटार चालवता येत नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार ती नऊ-बाराने जाई आणि दुपारच्या आत परत येई.

“मंगळवारी, गुरुवारी फलाटावर कोणी नसतं,” अण्णा म्हणाले. “तरी गाडी थांबते बिचारी. शिस्तीची आहे.”

तेव्हा माझ्या कानाला हे खटकायला हवं होतं. खटकलं नाही.

ऑगस्टच्या मध्यावर एका शनिवारी बेल वाजली. दारात मिसेस गार्थ. तिने स्टेशनवर लागलेली नोटीस एका पाकिटाच्या पाठीवर उतरवून आणली होती. सप्टेंबरअखेरच्या नव्या वेळापत्रकात नऊ-बाराची गाडी हॅलकमला थांबणार नाही. कारण, विनाकारण होणारे थांबे आणि त्यामुळे होणारा उशीर. हरकत असल्यास गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये यावं.

ती आत येऊन बसली, चहा घेतला, ईराच्या बाहुलीची चौकशी केली. मग अण्णांकडे न बघता मला म्हणाली की इन्स्पेक्टरसाहेबांनी वर चार शब्द टाकले तर बरं होईल.

“कोण इन्स्पेक्टरसाहेब?”

तिने चमच्याने अण्णांकडे दाखवलं.

दहा आठवडे तिची अशी समजूत होती की हे कंपनीने पाठवलेले तपासनीस आहेत. कोट, वही, घड्याळ बघणं, सगळं जुळत होतं. ती नसते त्या दिवशीही साहेब गाडी थांबवतात असं गार्डाने तिला सांगितलं होतं. गार्डाचीही तीच समजूत होती. गाडी थांबली की तो दार उघडून बाहेर बघे, अण्णा त्याला सलाम करत, तो यांना सलाम करे, आणि गाडी निघे. कशासाठी थांबवलीत हे विचारणं त्या सभ्य माणसाला दहा आठवडे जमलं नव्हतं.

हळूहळू माझ्या ध्यानात आलं. हॅलकम हा विनंतीचा थांबा होता. फलाटावरच्या माणसाने हात आडवा धरला तरच ड्रायव्हर गाडी थांबवतो, नाहीतर सरळ पुढे जातो. पाटीच्या तळाला बारीक अक्षरात तसं लिहिलेलं होतं.

मी अण्णांना मराठीत समजावलं. त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं.

“म्हणजे ती माझ्यामुळे थांबायची?”

“हो.”

“आणि मी तिला जा म्हणून हात धरायचो.”

मिसेस गार्थ दोघांकडे आळीपाळीने बघत होती. मी तिला काहीबाही सांगून दारापर्यंत पोचवलं. परत आले तर अण्णा ईराच्या खडूंच्या डब्यातून लाल खडू काढून वही उघडून बसले होते. पानं उलटत एकेका ओळीपुढे खूण करून नवा शेरा लिहीत होते. शेवटी म्हणाले, “एकोणीस.”

मी त्यांना हिशेब समजावून सांगितला. हे कोणाला माहीत नाही. गार्डाला आणि बाईला ते इन्स्पेक्टर वाटतात, ते तसंच राहू दे. उद्यापासून स्टेशनवर जायचं नाही. नोव्हेंबरात ते भुसावळला, आणि आम्हाला या गावात अजून वीस वर्षं काढायची आहेत. मुकुंदच्या इस्पितळात अर्धं गाव येतं. ‘त्या डॉक्टरच्या सासऱ्याने आपली गाडी घालवली’ हे एकदा लोकांच्या तोंडी बसलं की निघणार नाही.

“तुझं सगळं बरोबर आहे, सुलू,” ते म्हणाले. “पण त्या बाईची गाडी माझ्या हाताने गेली.”

गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये तीसेक माणसं होती. हॅलकममध्ये एवढी माणसं फुकटच्या चहालाही जमत नाहीत. कंपनीकडून पेल नावाचा एक तरुण आला होता. माणूस वाईट नव्हता आणि तयारी करून आला होता, तीच अडचण होती. त्याने पडद्यावर आकडे दाखवले. सोमवार, बुधवार, शुक्रवार गाडी क्रेडवेलला वेळेवर पोचते. मंगळवारी आणि गुरुवारी सहा मिनिटं उशिरा, त्यामुळे पुढच्या गाडीचा मेळ चुकतो आणि शंभरावर माणसं अडकतात. आणि नेमके मंगळवारी-गुरुवारीच हॅलकमला कोणीतरी हात दाखवतं आणि चढत नाही. ते कोण, हे शोधायला कंपनीकडे माणूस नाही. म्हणून थांबाच बंद.

लोकांत कुजबुज झाली. कोणी शाळेतल्या पोरांवर संशय घेतला, कोणी गुत्त्यातल्या गिऱ्हाइकांवर.

मिसेस गार्थ उभी राहिली. हातात तीच चाकांची पिशवी. “मी लेनकडे कशी जाऊ, तेवढं सांगा,” ती म्हणाली आणि खाली बसली.

पेलने टॅक्सीचं नाव काढलं. जायचे-यायचे चाळीस पौंड होतात असं मागून कोणीतरी ओरडलं, तेव्हा त्याने ते खरोखर लिहून घेतलं.

अण्णांनी मला कोपर मारलं. इंग्रजी त्यांना येत होतं, पण उभं राहून बोललो की रजेचा अर्ज केल्यासारखा बोलतो असं त्यांचंच म्हणणं, म्हणून वाचायचं मी, असं ठरलं होतं. मी वही घेऊन उभी राहिले. माझे वडील हिंदुस्थानात स्टेशनमास्तर होते, त्यांनी छंद म्हणून नऊ-बाराच्या वेळा टिपल्या आहेत, असं म्हणून मी वाचायला लागले. मंगळवार दहा जून, आली नऊ-अठरा, सुटली नऊ-एकोणीस. गुरुवार बारा जून, आली नऊ-अठरा, सुटली नऊ-एकोणीस. म्हणजे हॅलकमला येतानाच ती सहा मिनिटं उशिरा असते. थांबून जातं ते जेमतेम एक मिनिट.

पेल विचारात पडला, पण पोरगा हुशार होता. उशीर एके दिवशी मागे झालेला असू शकतो, तो म्हणाला, पण प्रत्येक मंगळवारी-गुरुवारी थांबाही झालाच आहे. या वेळा कोणी आणि कशासाठी टिपल्या, त्यांवर किती भरवसा ठेवायचा? आणि हात दाखवणारा कोण हे त्यातून कुठे कळतं?

मी वही मिटायला लागले.

“तिसरा रकाना,” अण्णा खालून म्हणाले.

“अण्णा, त्याची गरज नाही.”

“वाच.”

“अहो, पण...”

“सुलू, अर्धं रजिस्टर वाचत नाहीत.”

तीस माणसं बघत होती. मराठी कोणाला कळत नसलं तरी बाप मुलीला काहीतरी करायला लावतोय आणि मुलगी नको म्हणतेय, एवढं कळायला भाषा लागत नाही. मी वही उघडली आणि लाल खुणेपुढचा शेरा जसाच्या तसा इंग्रजीत सांगितला. दहा जून, प्रवासी नाही, माझ्या हातामुळे थांबली, चूक माझी. बारा जून, प्रवासी नाही, माझ्या हातामुळे थांबली, चूक माझी. सतरा जून. एकोणीस जून. माझा आवाज उतरत गेला. एकोणिसाव्या ओळीपर्यंत मला कोणाकडे बघवेना.

“आता सतरा जुलै,” अण्णा म्हणाले.

सतरा जुलैच्या ओळीपुढे लाल खूण नव्हती. मी वाचलं. गुरुवार, मी दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत, तोंड उघडे. खिडकीतून पाहिले. हात दाखवायला कोणी नाही. गाडी न थांबता गेली, नऊ-अठरा.

मग अण्णा स्वतःच उठले आणि पेलला उद्देशून रजेच्या अर्जाच्या इंग्रजीत म्हणाले, “साहेब, कृपया आपल्या कागदात त्या दिवसाचा क्रेडवेलचा उशीर पाहावा.”

पेलने खाली वाकून शोधलं. बराच वेळ. मग म्हणाला, “सहा मिनिटं.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, “थांबा नाही. सहा मिनिटं.”

अण्णा बसले नाहीत. मागच्या स्टेशनावर ही गाडी कोणाची तरी वाट बघत उभी असणार, त्यांनी विचारलं, मंगळवारी आणि गुरुवारी समोरून मालगाडी येते का? एकेरी रूळ आहे, क्रॉसिंग कुठेतरी द्यावंच लागेल.

पेलला माहीत नव्हतं. मिसेस गार्थला माहीत होतं. “खडीची गाडी,” ती म्हणाली. “मंगळवारी आणि गुरुवारी साडेआठला माझ्या स्वयंपाकघरातले कप हलतात.”

पहिल्यांदा मागच्या रांगेत एक म्हातारा हसला. मग सगळे हसले, पेलसुद्धा. जाताना तो अण्णांशी हस्तांदोलन करून गमतीने म्हणाला की यापुढे मात्र हात दाखवलात तर गाडीत बसावं लागेल, आणि बसलात तर तिकीट काढावं लागेल. मी ते भाषांतर करून सांगितलं. अण्णा हसले नाहीत. त्यांनी मान डोलावली.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. थांबा कायम, खडीची गाडी पाव तास आधी सोडायचं ठरलं आहे. गावाने आमच्याविरुद्ध काही धरलं नाही. उलट मुकुंदला पेशंट अण्णांची खुशाली विचारू लागले, आणि दातांच्या डॉक्टरने त्या खुर्चीच्या गोष्टीवर महिनाभर हशा वसूल केला.

सप्टेंबरअखेर नवं वेळापत्रक लागलं तसे अण्णा रोज नऊ-बाराने क्रेडवेलला जायला लागले. सोमवार, बुधवार, शुक्रवार मिसेस गार्थबरोबर, आणि मंगळवारी-गुरुवारी एकटे, कारण त्या दिवशी लेनकडे कोणी नसतं. मी विचारलं, तिकिटाचं काय? “गार्ड ओळखीचा आहे,” ते म्हणाले. मी मनात म्हटलं, झालं, इथेही पास मिळवला.

एकदा सुटी होती म्हणून मीही गेले, मोटारीने. खिडकीशी दोन खुर्च्या, मध्ये लहान टेबल. लेन भिंतीकडे बघत होता. अण्णांनी बोटाने टेबलावर एकच टकटक केली. लेनने मान वळवली नाही, पण त्याचं बोट उचललं गेलं आणि टेबलावर एकदा पडलं. मग पुन्हा अण्णांचं, पुन्हा त्याचं. मिसेस गार्थ विणत होती, तिने वर बघितलं नाही.

घरी आल्यावर मी विचारलं. स्टेशनं एकमेकांशी घंटेने बोलतात, अण्णा म्हणाले. त्यांच्या आणि आमच्या घंटा वेगळ्या, गाडी निघाली, गाडी पोचली, सगळे ठोके निराळे. एकच ठोका तेवढा सारखा आहे. कामाला लागायच्या आधी विचारायचं, आहेस का? पलीकडून एक ठोका येतो, आहे.

नोव्हेंबर लागताच ते परत गेले. येताना शेजाऱ्यापाजाऱ्यांनी दिलेली यादी त्यांच्या खिशात होती आणि बरोबर आणलेले शंभर पौंड होते, पण खरेदी म्हणून त्यांनी पेपरमिंटच्या गोळ्यांच्या दोन पुड्या घेतल्या. लोकरीचा कोट बघून ठेवला होता, तोही घेतला नाही. विमानतळावर त्यांच्या अंगात तोच विटका स्वेटर होता. मुकुंद म्हणाला, अण्णा हात आखडून असतात. मीही हो म्हटलं.

अण्णा जाऊन आता बारा वर्षं झाली. भुसावळचं घर आवरताना कपाटात त्यांच्या जुन्या पासांच्या गठ्ठ्याखाली ती शाळकरी वही सापडली. मी दहा जूनचं पान उघडलं. लाल खुणेपुढे, तिसऱ्या रकान्यात, गोंदाने चिकटवलेलं केशरी पट्ट्याचं एक तिकीट. हॅलकम ते क्रेडवेल, परतीसह, दोन पौंड ऐंशी. बारा जूनपुढे दुसरं. सतरा जूनपुढे तिसरं. एकेका चुकलेल्या थांब्यापुढे एकेक, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या तारखांची. एकोणिसाव्यानंतर दोन बोटं जागा मोकळी सोडून आणखी एक चिकटवलेलं होतं, आणि खाली अण्णांच्या अक्षरात बेरीज:

विनाकारण थांबे एकोणीस. तिकिटे वीस. पहिली एकोणीस मी भरली. एकोणीस झाल्यावरही मी येतोच आहे हे बघून विसावे मिसेस गार्थ यांनी काढले. नको म्हटले, ऐकले नाही.